विराम कुणाचा?

माझ्या नव्या रचनेची तालीम बरी चालली होती. ट्रॉम्बोन, म्हणजे सरकत्या नळीचं (स्लाइडचं) पितळी फुंकवाद्य, आणि हार्प, दोनच वाद्यं. पहिलं पान संपताना दोन्ही ओळींवर एकाच वेळी विराम येतो, चांगला एक अख्खा बार, म्हणजे मात्रांचा एक पूर्ण गट. ट्रॉम्बोनवाली तिथे थांबली, वाद्य खाली घेतलं, कळ दाबून नळीत साचलेलं पाणी काढून टाकलं. हार्पवालाही थांबला, म्हणजे त्याचे हात थांबले. खर्जाच्या तीन-चार तारा मात्र घुमतच राहिल्या आणि त्या घुमण्यातच माझा तो बार निघून गेला. मग त्याने स्टँडवरची पेन्सिल उचलली आणि अगदी सहज विचारलं, "हा विराम कुणासाठी आहे गं? माझ्या हातांसाठी, की तारांसाठी?" मी म्हटलं, तारा वाजू देत. त्याने स्वरापुढे ती छोटी कमान काढली, कुठल्याच स्वरापर्यंत न पोचणारी, आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. कामापुरतं उत्तर मिळालं होतं. पण रात्री स्कोअर, म्हणजे रचनेची लिहिलेली पानं, उघडून बसले तेव्हा प्रत्येक पानावरचे विरामच दिसायला लागले. स्वरांकडे लक्षच जाईना.

कागदावर दोघांची चिन्हं सारखीच दिसतात. एक काळी आडवी पट्टी वरच्या ओळीत, तशीच एक खालच्या ओळीत. पण ट्रॉम्बोनमध्ये आवाज काढायला छातीभर हवा लागते, ओठ ताणून धरावे लागतात, हात पुढे-मागे करत नेमकी जागा शोधावी लागते, आणि हे सगळं सूर चालू आहे तोवर क्षणाक्षणाला करत राहावं लागतं. श्वास थांबला की सूर थांबला. गप्प बसण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. हार्पचं उलट आहे. तार एकदा छेडली की पुढचं सगळं तारेच्या हाती. वादकाने हात मांडीवर ठेवले तरी ती वाजतेच. तिला गप्प करायचं तर हात परत न्यावा लागतो, पंजा तारांवर टेकवावा लागतो, आणि तोही मोजून, नाहीतर टेकवतानाच तार थरथरून किरकिरते. तारा 47, पंजे दोन. शेजारची तार वाजती ठेवून मधलीच एक बंद करायची असेल तर ते एखादी अवघड जागा वाजवण्याइतकंच कौशल्याचं काम आहे. म्हणजे एकीला विरामात विश्रांती मिळते आणि दुसऱ्याला विरामातच काम लागतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाद्यलेखनाच्या कुठल्याही पुस्तकात हार्पच्या प्रकरणात तारा दाबण्याचं चिन्ह असतं, वर्तुळात फुली. पण त्या प्रश्नानंतर ते चिन्ह मला रचनेच्या मधोमध बसलेलं दिसायला लागलं.

ही जोडी माझी निवड नव्हती. ते दोघं मित्र, दोघांना एकत्र काहीतरी वाजवायचं होतं, आणि वाजवायला फारसं काही नव्हतं. कुणी असं सांगत आलं की माझ्या मनात दोन गोष्टी एकदम होतात. एक तर हुरूप येतो, कारण या रस्त्यावर फार कुणी गेलेलं नसतं. आणि लगेच शंका येते, की ही नुसती करामत तर नाही? अनवट जोडी जाहिरातीत छान दिसते. लोक ऐकायला येतात ते "हे दोन एकत्र वाजतात तरी कसे" हे बघायला, आणि पहिल्या पाच मिनिटांत ते कळलं की पुढे उरतं काय? खूप जोड्या गरजेपोटीच जमलेल्या असतात. फ्रेंच संगीतकार मेसियाँने 1940-41 मध्ये गर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत ज्या चौकडीसाठी लिहिलं ती क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो अशी होती, कारण वादक तेच होते. उलट डेबुसीने 1915 मध्ये बासरी, व्हायोला (व्हायोलिनचं जरा मोठं भावंड) आणि हार्प ही तिघं विचार करून एकत्र आणली. आधी व्हायोलाच्या जागी ओबो घ्यायचं त्याच्या मनात होतं. ओबो असता तर फुंकीची दोन वाद्यं एका बाजूला आणि हार्प एकटी दुसऱ्या बाजूला पडली असती. व्हायोला बासरीसारखा सूर धरून ठेवू शकतो आणि हार्पसारखी तार छेडूही शकतो. दोन्ही बाजूंची भाषा येणारा एक जण मध्ये आला आणि तिघांचं जमलं.

माझ्याकडे असा मध्यस्थ नव्हता. पियानो घ्यायची सोय असती तर प्रश्नच मिटला असता. पियानो हा घरातल्या समजूतदार थोरल्या वहिनीसारखा; कुणाचंही कुणाशी पटवून देतो. हिंडेमिटने जवळजवळ प्रत्येक वाद्यासाठी सोनाटा, म्हणजे एका-दोन वाद्यांची मोठी रचना, लिहिला, 1941 मध्ये ट्रॉम्बोनसाठी लिहिला तो पियानोसोबत, आणि 1939 चा हार्पचा सोनाटा एकट्या हार्पचा. दोन्ही चोख आहेत. पण पियानो काढून घेतल्यावर दोन वाद्यं समोरासमोर उरतात तेव्हा काय होतं ते ऐकायचं तर मी राव्हेलकडे जाते, त्याच्या व्हायोलिन आणि चेलोच्या सोनाट्याकडे. 1920 ते 1922 त्यावर तो बसला होता. स्वरमेळाची गोडी त्याने तिथे जाणूनबुजून सोडली. खाली पसरायला गालिचा नाही, दोन रेषा आहेत आणि त्या एकमेकींना घासत जातात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. आता तो कोरडेपणाच मी पुन्हा पुन्हा ऐकते.

त्या प्रश्नानंतर मी अशा सगळ्या जोड्या वेगळ्याच रीतीने लावायला लागले. एरवी आपण वाद्यांच्या रंगाबद्दल बोलतो, उजळ, गडद, धातूचा, लाकडाचा. मी विचारायला लागले की सूर जन्मल्यावर त्याचं पुढे काय होतं. व्हायोलिन आणि चेलो: दोघांकडे गज, दोघंही हवं तितकं धरून ठेवणार. झेनाकिसचं हार्पसिकॉर्ड (पट्ट्या दाबून तारा छेडणारं जुनं वाद्य) आणि तालवाद्यं, 1981 चं: दोन्हीकडे आघात, दोन्हीकडे सूर जन्मतो तोच विझायला लागतो, म्हणून त्या रचनेत सतत नवे आघात करत राहावं लागतं आणि त्यातून ती विलक्षण तडफ येते. गुबायदुलिनाचं चेलो आणि ऑर्गन, 1979 चं: ऑर्गनची पट्टी दाबलेली आहे तोवर सूर कणभरही कमी होत नाही, माणसाच्या हाताची थकावट तिथे नाहीच, आणि शेजारी चेलोचा गज प्रत्येक टोकाला वळतोय. ताकेमित्सूने 1981 मध्ये आल्टो बासरी आणि गिटार घेतली. माझ्या जोडीच्या सगळ्यात जवळची हीच, एक श्वासाची आणि एक छेडण्याची. पण गिटारमध्ये दाबलेल्या तारेवरचं डावं बोट उचललं की तार बंद. हार्पमध्ये तार कुणी दाबलेलीच नसते, मग उचलणार काय?

हार्पवाल्याने पहिल्या भेटीतच मला त्याचे पाय दाखवले. लोक हात बघतात, तो म्हणाला, खरं वाद्य खाली आहे. सात पेडल, सात स्वरनावांची. प्रत्येकाला तीन खाचा: कोमल, शुद्ध, तीव्र म्हणू या आपल्या सोयीसाठी. सी चं पेडल हलवलं की वाद्यातल्या सगळ्या सप्तकांतले सी एकदम बदलतात. तीन खाचांची ही रचना वाद्यं बनवणाऱ्या एरार्डने 1810 मध्ये पक्की केली आणि आजची हार्प तीच आहे. डाव्या पायाकडे डी, सी, बी. उजव्याकडे ई, एफ, जी, ए. म्हणजे डी आणि बी एकाच क्षणी बदलायचे असतील तर डाव्या पायाला ते जमत नाही, आणि घाईघाईत बदललं तर वाजत्या तारेवर धातू घासल्याचा झर्र आवाज येतो. इकडे ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्याही जागा सात. सात आणि सात! असला योगायोग दिसला की संगीतकाराच्या डोक्यात किडा वळवळतोच, सात भागांची रचना करू, सात स्वरांची मालिका करू. दिसायला देखणं, कामाला शून्य. ऐकणाऱ्याच्या कानाला पेडल दिसत नाहीत.

कामाला आलं ते दुसरंच. ट्रॉम्बोनची सलग मींड जास्तीत जास्त सहा अर्धस्वरांची, कारण स्लाइड पहिल्या जागेपासून सातव्या जागेपर्यंतच जाते. पहिल्या जागेवरचा एफ घेतला आणि स्लाइड पूर्ण बाहेर लोटली की खालच्या बी वर पोचतो. त्याखाली हात जात नाही. बरोबर मध्यावर डी लागतो. आता हार्पचे पेडल असे लावता येतात की सात तारांमधून फक्त चारच वेगळे सूर निघतात: बी आणि सी-कोमल एकच, ई-तीव्र आणि एफ एकच, जी-तीव्र आणि ए-कोमल एकच, आणि डी एकटा. तारांवरून बोट कसंही फिरवा, त्या चार सुरांबाहेर काही वाजत नाही. जुन्या ऑर्केस्ट्रातली ती हार्पची खळखळती लाट याच जुळणीतून येते, आणि खरं सांगायचं तर त्या लाटेचा मला जरा कंटाळाच आहे. पण मी लाट न काढता एकेक तार छेडायला सांगितली. ट्रॉम्बोन एफ पासून निघून कुठेही न थांबता घसरत बी कडे चाललाय. तो डी जवळून जाताना हार्पने डी छेडला. आणि ट्रॉम्बोन तिथे क्षणभर टेकल्यासारखा वाटला! स्लाइड हलतच होती, वादिकेचा हात मला दिसत होता. कानाला मात्र पायरी ऐकू आली. दुसऱ्यांदा हार्पने डी किंचित उशिरा छेडला, तर ट्रॉम्बोनच बेसूर होऊन निसटल्यासारखा वाटला. त्या पानावर मी बराच मुक्काम केला. मींड आपल्या कानांना परकी नाही, पण आपण ती सुरातून सुरात जाताना ऐकतो. इथे वाटेतले सूर कुणीतरी दुसराच दाखवत होता.

मग प्रश्न आला आवाजाचा. ट्रॉम्बोनने जोर लावला तर हार्प दिसते पण ऐकू येत नाही, हे कुणीही सांगेल. आवाज दाबायला तोंडात बसवायचे म्यूट आहेत, सरळ, कपाचा, हातात धरून उघड-झाक करायचा. ते सगळे वापरून पाहिले. सगळे चांगले, आणि सगळ्यांनी ट्रॉम्बोन आजारी वाटायला लागला. हार्पकडूनही करामती मागता येतात: नखांनी छेडणं, तारांत कागद अडकवणं, लाकडावर बोटं वाजवणं. हार्पवादक साल्झेडोने 1921 मध्येच अशा ध्वनींची नावानिशी यादी करून ठेवली आहे. यातला प्रत्येक प्रकार पहिल्यांदा ऐकताना कान टवकारतात आणि तिसऱ्यांदा ऐकताना संगीतकाराकडे सांगायला काही नाही अशी शंका येते. मी दोनच ठेवले.

बाकी काम जागेने केलं. मी ट्रॉम्बोनवालीला म्हटलं, तोंड प्रेक्षकांकडे नको, हार्पकडे कर, तारांच्या अगदी जवळ. आणि एकच आखूड एफ वाजव. तिने वाजवला आणि सोडला. तिचा सूर तिथेच संपला, नेहमीसारखा. पण हार्पमध्ये कुणी हात न लावता एफ गुणगुणत राहिला. हार्पवाल्याच्या खांद्यावर वाद्य टेकलेलं असतं. तो म्हणाला, मला आधी खांद्यात कळलं, मग कानात. सतार किंवा सारंगीच्या तरफा ऐकलेल्या माणसाला यात नवल नाही. युक्तीही माझी नाही. संगीतकार बेरिओने 1984 मध्ये ट्रम्पेटवाल्याला उघड्या पियानोत फुंकायला लावलं होतं. माझ्या हाती लागलं ते एवढंच की हार्पच्या या तरफा पायांनी बदलता येतात. वरच्या त्या जुळणीत ई च्या तारा आणि एफ च्या तारा दोन्ही एफ वरच असतात, म्हणून प्रत्येक सप्तकात दोन-दोन तारा जाग्या होतात. ट्रॉम्बोनच्या एफ मध्ये वरचा सी ही दडलेला असतो, पण सी च्या तारा त्या वेळी सी-कोमलवर असल्याने त्या गप्प. हार्पवाल्याने डाव्या पायाने सी चं पेडल एक खाच खाली घेतलं, तिने तोच एफ पुन्हा फुंकला, आणि आता गुणगुणण्यात वर एक फिकट सी आला. ट्रॉम्बोनने काही वेगळं केलं नव्हतं. त्याच्या सुरातलं काय मागे राहू द्यायचं, हे दुसऱ्या माणसाचा पाय ठरवत होता.

इथे मला पहिल्या पानावरच्या विरामाची आठवण झाली. तो बार आता तसाच आहे, दोन्ही ओळींत पट्टी, पण त्याच्या आधी ट्रॉम्बोन हार्पमध्ये फुंकतो. दोघांचे हात मोकळे, दोघांचे श्वास मोकळे, आणि जे ऐकू येतंय ते ट्रॉम्बोनचं म्हणावं की हार्पचं? चौथ्या मात्रेवर हार्पवाला पंजा टेकवतो. म्हणजे ट्रॉम्बोनचा सूर हार्पवाला संपवतो. पहिल्यांदा हे केलं तेव्हा ट्रॉम्बोनवालीने चटकन त्याच्याकडे पाहिलं, बोलता बोलता कुणी मध्येच तोडावं तसं, आणि मग हसली. आता तालमीत तो पंजा कधी टेकवायचा यावर दोघांची रोज थोडी हुज्जत होते. मी त्यात पडत नाही. चौथी मात्रा लिहिली आहे, पण ती लवकरची चौथी की उशिराची, हे त्यांचं त्यांनी पाहावं.

उलटा व्यवहारही आहे. हार्पचा सूर फुगवता येत नाही. छेडला त्या क्षणी तो सर्वांत मोठा, आणि पुढे फक्त आस. ट्रॉम्बोनला मात्र नसल्यासारखं सुरू होऊन हळूहळू मोठं होता येतं. म्हणून मधल्या भागात हार्प एक सूर छेडते आणि ती आस विरत असताना ट्रॉम्बोन त्याच सुरावर तिच्याखाली शिरतो. नीट जमलं तर छेडलेली तार विझायचं सोडून वाढायला लागल्याचा भास होतो. नीट जमणं दुर्मीळ. ओठांना फुंकेची सुरुवात लपवणं फार जड जातं, आणि खालच्या तारा सावकाश विरतात, वरच्या पटकन, त्यामुळे प्रत्येक सुराला शिरण्याची वेळ वेगळी. एका जागी मी मुद्दाम ते जमू दिलेलं नाही. एकाच नळीतून फुंक बदलून जे एकावर एक सूर निघतात ते स्वनांश; ट्रॉम्बोनच्या पहिल्या जागेवर त्यातला सातवा ए-कोमलजवळ लागतो, पण हार्पच्या ए-कोमलपेक्षा सुमारे 31 सेंट खाली, अर्धस्वराच्या एक-तृतीयांशाला थोडा कमी. वादक हा सूर तिथे सहसा घेतच नाहीत, खोटा म्हणून टाळतात. मी तोच मागितला. दोन्ही ए-कोमल एकत्र वाजले की सेकंदाला सात-एक हेलकावे ऐकू येतात, आणि हार्पची आस विरते तसे हेलकावेही विरतात. शेवटी ट्रॉम्बोन आपल्या खोट्या सुरावर एकटा उरतो आणि तो तेव्हा खरा वाटतो. ट्रॉम्बोनवालीला ही जागा आवडत नाही. लोकांना वाटेल मला सूर सापडला नाही, ती म्हणते. तिचं म्हणणं खोटं नाही, पण जागा मी ठेवली आहे.

अशा रचनेचं पुढे काय होणार याचा विचार मी लिहिताना दूर ठेवते आणि लिहून झाल्यावर तो हटकून येतो. व्हायोलिन आणि पियानोसाठी लिहिलं तर ते वाजवू शकणारे लोक जगभर असतात. त्यातल्या एकाला कधीतरी आवडेल अशी आशा तरी धरता येते. ट्रॉम्बोन आणि हार्पचा तुकडा दोन माणसांच्या मैत्रीवर उभा. उद्या यातलं एक दुसरीकडे राहायला गेलं, किंवा दोघांचं त्या चौथ्या मात्रेवरून खरंच बिनसलं, तर माझे कागद कपाटात. गुबायदुलिनाच्या त्या रचनेला ऑर्गनच्या जागी बायान, म्हणजे रशियन अकॉर्डियन, घेऊन नवा जन्म मिळाला, हे आठवून मी स्वतःला धीर देते. ऑर्गन उचलून नेता येत नाही, बायान नेता येतो.

मध्यंतरी खरोखरच दोन विचारणा आल्या. एका चेलोवाल्याला ट्रॉम्बोनची ओळ वाजवायची होती. मींड त्याला माझ्या ट्रॉम्बोनपेक्षा लांबवर नेता आली असती, सहा अर्धस्वरांची हद्दसुद्धा आड आली नसती. मी नाही म्हटलं. हद्द नसेल तर त्या पानावर काही घडतच नाही, आणि चेलोचा गज उचलला तरी त्याची पेटी जरा वेळ बोलत राहते. तिथे मला काटेकोर गप्प बसणारं कुणीतरी हवं. दुसरी विचारणा बसूनवालीची होती; बसून म्हणजे लांब नळीचं, खर्जातलं लाकडी फुंकवाद्य. तिच्याकडे स्लाइड नाही, म्हणजे मींडेचं अख्खं पान गेलं. सातव्या स्वनांशाची जागाही गेली, तिला तो सूर बोटं बदलून शोधावा लागेल. हार्पच्या तारांत फुंकायलाही बसूनचं तोंड वर छताकडे, आणि बराचसा आवाज तर बोटांखालच्या भोकांतून बाहेर पडतो. पण श्वास आहे. मी तिला हो म्हटलंय, मींडेचं पान नव्याने लिहून देते असं कळवलंय, आणि सध्या तिच्याकडून बसूनच्या बोटांचे तक्ते मागवून बसले आहे.